अमेरिकेतील पंधरा ऑगस्ट: मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी नियोजनाचे टिपण

अमेरिकेत भारताचा स्वातंत्र्यदिन साजरा होण्याला आता चांगली जुनी परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर फेडरेशन ऑफ इंडियन असोसिएशन्स या संस्थेचे संचलन १९८१ पासून निघत आले आहे आणि तिथे लोटणारी गर्दी पाहिली, की आपल्या गावच्या मंडळानेही असेच काहीतरी भव्य करावे असे कार्यकारिणीतील उत्साही मंडळींना वाटू लागते. प्रस्तुत टिपण त्या प्रमाणावरच्या सोहळ्यासाठी नाही. शे-दोनशे कुटुंबांचे महाराष्ट्र मंडळ, भाड्याने घेतलेले उद्यान, एक ध्वनिक्षेपक आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे स्वयंसेवक, एवढ्या भांडवलावर हा दिवस नीटनेटका कसा पार पाडावा, एवढाच येथे विषय आहे.

असे कार्यक्रम माणसे कमी आल्यामुळे क्वचितच फसतात. वडापावच्या रांगेत, मुलांच्या नाचाच्या गडबडीत आणि पाहुण्यांच्या सत्कारात ध्वजवंदन कुठेतरी हरवून जाते, आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्याला आपण मेळ्याला जाऊन आलो की स्वातंत्र्यदिनाला, हे सांगता येत नाही. त्यामुळे नियोजनाची सुरुवात ध्वजवंदनाच्या पाऊण तासापासून करावी, तो पाऊण तास कोणत्याही कारणाने हलणार नाही असे पहिल्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे, आणि जेवण, करमणूक, स्टॉल या साऱ्यांना उरलेल्या वेळात जागा द्यावी. उलट क्रमाने जाणाऱ्या मंडळांत दुपारी बारा वाजता, अर्धे लोक ताटे घेऊन उभे असताना, राष्ट्रगीत उरकावे लागते.

तारीख आणि वेळ

१५ ऑगस्टला अमेरिकेत सुटी नसते, त्यामुळे हा दिवस आठवड्याच्या मध्यावर आला की बहुतेक मंडळे जवळचा शनिवार किंवा रविवार धरतात. २०२६ साली तो शनिवारी आणि २०२७ साली रविवारी येत असल्याने ही दोन वर्षे सोपी वाटतील, परंतु नेमक्या अशाच वर्षी परिसरातील गुजराती, तेलुगू, तमिळ, बंगाली अशा साऱ्या संघटनांना तोच दिवस, तेच उद्यान आणि तेच ढोल-ताशा पथक हवे असते. २०२८ साली १५ ऑगस्ट मंगळवारी आहे. आठवडी दिवशी येणाऱ्या वर्षी मोठा कार्यक्रम शनिवार-रविवारी ठेवला तरी प्रत्यक्ष १५ तारखेला, कचेरीला जाण्यापूर्वी, एखाद्या सभासदाच्या अंगणात पंधरा-वीस जणांचे साधे ध्वजवंदन जरूर करावे. त्याला खर्च नाही, परवाना लागत नाही, आणि मुलांच्या मनात तारीख पक्की बसते.

वेळेच्या फरकाचा हिशोब सूत्रसंचालकाने एकदा कागदावर मांडून ठेवावा. ऑगस्टमध्ये भारतीय प्रमाणवेळ न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास आणि कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असते. म्हणजे भारतात १५ ऑगस्टची मध्यरात्र होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये १४ तारखेचे दुपारचे अडीच वाजलेले असतात, आणि सकाळी साडेसातच्या सुमारास पंतप्रधान लाल किल्ल्यावर ध्वज फडकावतात तेव्हा पूर्व किनाऱ्यावर १४ तारखेचे रात्रीचे दहा आणि पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सात. मुलांकडे राहायला आलेले आई-वडील ते प्रक्षेपण आदल्या रात्रीच पाहून मोकळे होतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात त्या भाषणाची चित्रफीत पुन्हा लावण्याचा मोह टाळावा.

फलकावरील आकड्यावरून दरवर्षी एक तरी वाद होतो, म्हणून तोही आधीच मिटवावा. १५ ऑगस्ट १९४७ हा पहिला स्वातंत्र्यदिन धरला जातो, त्यामुळे २०२६ साली ऐंशिवा स्वातंत्र्यदिन असतो आणि स्वातंत्र्याला एकोणऐंशी वर्षे पूर्ण होतात. फलकावर या दोहोंपैकी एकच मजकूर घालावा.

वॉशिंग्टनमधील भारतीय दूतावासात, तसेच न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटल येथील वाणिज्य दूतावासांत १५ तारखेलाच सकाळी ध्वजारोहण होते आणि राष्ट्रपतींनी पूर्वसंध्येला राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणातील मजकूर तिथे वाचून दाखवला जातो. आपले गाव यांपैकी एखाद्या शहराजवळ असेल, तर त्या वेळेशी टक्कर घेऊ नये. लांब असेल, तर त्याच भाषणातील दोन-तीन परिच्छेद मराठीत वाचून दाखवण्याची पद्धत चांगली आहे, कारण त्याने स्थानिक पुढाऱ्यांची भाषणे आपोआप आखडतात.

जागा, परवाने आणि विमा

उद्यानातील छपराची जागा, जिला येथे पॅव्हिलियन म्हणतात, उन्हाळ्यातील शनिवार-रविवारसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच भरते. आरक्षण करताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: ध्वनिक्षेपक वापरण्यास परवानगी आहे का, जमिनीत खुंट्या ठोकता येतात का, आणि गर्दीची कमाल मर्यादा किती आहे. खुंट्यांचा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु गवताखालून पाण्याच्या नळ्या गेलेल्या असल्याने पुष्कळ उद्यानांत त्यांना मनाई असते आणि मग मांडव व ध्वजस्तंभ दोन्ही वजनांवर उभे करावे लागतात. रस्त्यावरून प्रभातफेरी किंवा संचलन काढायचे असेल, तर त्याचा परवाना वेगळा असतो आणि वाहतूक पोलिसांच्या कामाच्या तासांचे पैसे मंडळाला भरावे लागू शकतात. छोट्या मंडळाने उद्यानातल्या उद्यानात फेरी काढावी. रस्ता बंद करण्याच्या खर्चात वर्षभराचे इतर दोन कार्यक्रम निघतात.

जागेचा मालक, मग तो काउंटी असो वा शाळा, बहुधा दायित्व विम्याचे प्रमाणपत्र मागतो, ज्यात त्याचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घातलेले असावे लागते आणि रक्कम पुष्कळदा दहा लाख डॉलरची असते. एका दिवसाचा विमा मिळतो. वर्षात गणपती, दिवाळी, संक्रांत असे चार-पाच कार्यक्रम करणाऱ्या मंडळाने मात्र दोन्ही प्रकारचे दर मागवून वार्षिक विम्याशी तुलना करावी.

नगरपालिकेच्या इमारतीसमोरील स्तंभावर तिरंगा चढवण्याची इच्छा अनेक ठिकाणी असते आणि पूर्वी महापौरांच्या कार्यालयाला एक पत्र दिले की काम होई. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शर्टलेफ विरुद्ध बॉस्टन शहर या खटल्यात, बाहेरच्या संस्थांना सरसकट स्तंभ वापरू देणाऱ्या शहराला त्यांपैकी एखाद्याला त्याच्या धार्मिक विचारामुळे नाकारता येणार नाही, असा निर्णय एकमताने दिला, आणि त्यानंतर शहरांनी आपापली धोरणे नव्याने लिहायला घेतली. काहींनी बाहेरचे ध्वज पूर्ण बंद केले, तर काहींनी प्रत्येक ध्वजासाठी नगर परिषदेचा ठराव आवश्यक केला. त्यामुळे जूनमध्ये विचारणा करून ऑगस्टमध्ये ध्वज चढेल अशा भरवशावर राहू नये. वसंत ऋतूतच शहराचे धोरण मागवून वाचावे. ध्वजाची परवानगी नसेल, तरी १५ ऑगस्ट हा भारताचा स्वातंत्र्यदिन म्हणून घोषित करणारे महापौरांचे घोषणापत्र मिळवणे सोपे असते, आणि त्यासाठी मसुदा आपणच लिहून दिला तर ते लवकरही मिळते.

ध्वज

या विषयावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण चुका येथेच होतात आणि छायाचित्रांत त्या कायमच्या राहतात.

भारतीय ध्वजाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण तीनास दोन असते. अमेरिकेत ऑनलाइन विकले जाणारे तिरंगे मात्र अनेकदा पाच फूट बाय तीन फूट मापाचे असतात, कारण येथे सगळ्याच ध्वजांसाठी ते माप चालते. असा ध्वज नियमाप्रमाणे नसतो. भारतीय ध्वजसंहितेतील १३५० बाय ९०० मिलिमीटरचा ध्वज घेतला, तर त्याची उंची जवळजवळ तीन फूट भरते आणि शेजारच्या तीन बाय पाच फुटी अमेरिकन ध्वजाशी तो उंचीत जुळतो. लांबीत अर्धा फूट कमी पडतो, पण ते नजरेला खटकत नाही. भारतातून कोणी येणार असेल, तर याच मापाचा खादीचा ध्वज मागवावा. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेला पॉलिएस्टरचा ध्वजही संहितेला मान्य आहे, आणि पावसाळी हवेच्या गावी तोच अधिक टिकतो. ध्वज हातात आला की चक्राचे आरे मोजावेत. ते चोवीस असले पाहिजेत आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे.

दोन देशांचे ध्वज कधीही एका दोरीवर चढवू नयेत. अमेरिकेचा ध्वजविषयक कायदा आणि भारताची ध्वजसंहिता या दोहोंचेही यावर एकमत आहे: स्तंभ वेगवेगळे, उंची सारखी, ध्वजांचे आकार शक्यतो सारखे, आणि शांततेच्या काळात एका राष्ट्राचा ध्वज दुसऱ्याच्या वर नाही. उद्यानात आधीपासून उभा असलेला पस्तीस फुटी स्तंभ आणि आपण आणलेला वीस फुटी घडीचा खांब यांची जोडी म्हणूनच जमत नाही. घडीचे दोन सारखे खांब आणावेत आणि उद्यानाच्या स्तंभापासून अंतर ठेवून उभे करावेत. अमेरिकन कायद्याप्रमाणे अमेरिकेचा ध्वज त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला राहतो, म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांना तो डावीकडे आणि तिरंगा उजवीकडे दिसतो. व्यासपीठामागे भिंतीवर तिरंगा उभा लावायचा झाल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूला यावा.

१५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवण्याची आणि २६ जानेवारीला वर बांधून ठेवलेला ध्वज उघडण्याची प्रथा आहे. खालून चढवतानाही तो घडी करून, आत फुलांच्या पाकळ्या ठेवून नेता येतो, आणि राष्ट्रीय दिनी पाकळ्या ठेवण्यास संहितेत हरकत घेतलेली नाही. पाकळ्या मात्र मूठभरच आणि कोरड्या असाव्यात, कारण ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात आणि पाहुणे दोरी ओढत असताना ध्वज चुंबळीसारखा गोळा होऊन लटकत राहतो. गाठोड्याभोवती मारायची गाठ सुरगाठच हवी. उत्साहाच्या भरात कोणी वर आणखी एक वेढा घालून तिची निरगाठ करून ठेवली, की मग शिडी शोधत फिरावे लागते. गाठ मारणारा एकच माणूस नेमावा, त्याने आदल्या दिवशी त्याच खांबावर, त्याच दोरीने आणि त्याच ध्वजाने दोनदा तालीम करावी, आणि ज्यांच्या हस्ते ध्वजारोहण आहे त्यांना कोणती दोरी आणि किती जोराने ओढायची हे प्रत्यक्ष हातात देऊन दाखवावे. केशरी पट्ट्याचे टोक वरच्या कडीत गेले आहे ना, हे घडी घालण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने पाहावे. ध्वज झपाट्याने चढवावा आणि उतरवताना सावकाश, सन्मानाने उतरवावा, असे संहिता सांगते. व्यवहारात बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट घडते, कारण चढवताना छायाचित्रासाठी थांबायचे असते आणि उतरवताना गाड्यांत सामान भरायची घाई असते.

ध्वज उतरवून घडी घालण्याचीही रीत आहे. तो आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडावा, मग दोन्ही टोके चक्राकडे अशी आणावीत की वर चक्र आणि दोन्ही रंगांचा थोडा भाग एवढेच दिसेल, आणि ती घडी तळहातांवर धरून न्यावी. हे काम बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या एका जोडीकडे द्यावे. ती मुले ते मोठ्यांपेक्षा काळजीपूर्वक करतात.

सजावटीत ध्वज वापरू नये. तोरण, पताका, टेबलावरचे कापड, गाडीच्या टपावरचे आच्छादन यांसाठी त्याचा उपयोग संहितेला मान्य नाही आणि ध्वजावर मंडळाचे नाव किंवा प्रायोजकाचे बोधचिन्ह छापणे तर मुळीच नाही. केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगाचे सुटे कापड, फुगे, झेंडूची फुले यांनी हवी तेवढी शोभा आणता येते. मुलांना वाटलेले कागदी झेंडे कार्यक्रमानंतर गवतावर पडलेले दिसतात, त्यासाठी बाहेर पडण्याच्या वाटेवर एक खोके ठेवून ते परत घ्यावेत आणि खासगीत, मानाने त्यांची विल्हेवाट लावावी. चक्रासह तिरंगा काढलेला केक कापणे हा अपमान नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली एका प्रकरणात म्हटले आहे. तरीही अशोकचक्रावर सुरी फिरताना सभेतील एखाद्या ज्येष्ठाचा चेहरा कसनुसा होतोच, आणि इतका साधा प्रसंग टाळण्यासाठी केकवर नुसते ‘१५ ऑगस्ट’ लिहिले तरी गोडी कमी होत नाही.

राष्ट्रगीते

दोन्ही देशांची राष्ट्रगीते म्हणावयाची असल्यास क्रम आधी ठरवून सूत्रसंचालकाच्या कागदावर लिहावा. अमेरिकेचे राष्ट्रगीत कार्यक्रमाच्या आरंभी घ्यावे आणि ‘जन गण मन’ ध्वज फडकताक्षणी, असे माझे मत आहे, कारण आपले राष्ट्रगीत ध्वजारोहणाला जोडूनच म्हटले जाते आणि मध्ये दुसरे काही आले तर तो क्षण निसटतो. ‘जन गण मन’ सुमारे ५२ सेकंदांत पूर्ण होते. मोठ्या आवाजातील वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणावर लोक गात नाहीत, नुसते उभे राहतात. त्याऐवजी पेटीवर सूर देऊन चार-पाच खणखणीत आवाजांनी सुरुवात केली, तर सारी सभा गाते. येथे वाढलेल्या मुलांसाठी राष्ट्रगीताचे शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत छापून रविवारच्या मराठी शाळेत जुलैपासूनच म्हणून घ्यावेत. अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या वेळी त्या ध्वजाकडे तोंड करून येथील रिवाजाप्रमाणे उजवा हात छातीवर ठेवतात, आणि आपल्या राष्ट्रगीताला सावधान उभे राहतात, हा फरक आधी एका वाक्यात सांगितला म्हणजे कोणी गोंधळत नाही.

ध्वजारोहण कोणाच्या हस्ते?

सर्वांत मोठ्या देणगीदाराच्या हस्ते नसावे, एवढे तरी मंडळाच्या नियमांत लिहून ठेवावे. परदेशातल्या मंडळांना एक संधी आता थोडीच वर्षे उरली आहे: उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या आई-वडिलांत किंवा आजी-आजोबांत १९४७ चा तो दिवस शाळकरी वयात पाहिलेले कोणी ना कोणी सापडते. अशा व्यक्तीला दोरी ओढायला सांगावी आणि त्यानंतर, भाषण म्हणून नव्हे, तर खुर्चीवर बसून दोन-तीन मिनिटे त्या दिवसाची आठवण सांगायला सांगावी. ‘‘आजोबा, तुमच्या शाळेत त्या दिवशी काय केलं?’’ एवढा एक प्रश्न एखाद्या मुलाने विचारला की पुरे. ती आठवण आनंदाचीच असेल असे गृहीत धरू नये. सिंधी किंवा पंजाबी कुटुंबातील वृद्धांच्या मनात त्या ऑगस्टमध्ये घरदार सोडल्याच्या खुणा असतात, आणि मराठवाड्यातून आलेल्यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य मिळालेच नव्हते. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले, आणि गोमंतकाला तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले. सूत्रसंचालकाला ही तारखांची जाण असली पाहिजे.

पाहुण्यांबाबत एक कायदेशीर सावधगिरी अत्यावश्यक आहे. आपले मंडळ अमेरिकेच्या करकायद्याच्या ५०१ (सी) (३) कलमाखाली नोंदलेले धर्मादाय मंडळ असेल, तर १९५४ पासूनच्या कायद्याप्रमाणे त्याला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. सम वर्षांत नोव्हेंबरच्या निवडणुका तोंडावर असतात, ऑगस्टमध्ये मतदारांनी भरलेले मैदान सगळ्यांनाच हवे असते, आणि स्थानिक उमेदवाराच्या कार्यालयातून ‘फक्त दोन मिनिटे’ असा निरोप हमखास येतो. निवडून आलेल्या महापौरांना किंवा राज्य विधिमंडळाच्या सदस्यांना त्यांच्या पदामुळे बोलावण्यास अडचण नाही; निमंत्रणपत्रात पदाचा उल्लेख करावा, उमेदवारीचा करू नये, आणि व्यासपीठावरून मते किंवा देणग्या मागता येणार नाहीत हे त्यांच्या कार्यालयाला आधी लेखी कळवावे. प्रचारपत्रकांचे टेबलही मांडू देऊ नये. भारतातील पक्षांबाबत तर याहून कडक राहावे: पक्षाचे झेंडे, पक्षाच्या घोषणा आणि हयात नेत्यांची छायाचित्रे त्या पाऊण तासात कोणाचीच नकोत, म्हणजे नंतर कोणाला कोणाचे समर्थन करत बसावे लागत नाही.

भाषणे एकूण दहा मिनिटांच्या आत संपावीत. ऑगस्टच्या उन्हात उभ्या माणसाला याहून अधिक देशभक्ती पेलत नाही.

मुलांसाठी काय दाखवावे

वेशभूषा स्पर्धेत दरवर्षी त्याच चार-पाच व्यक्ती येतात आणि मुलांना त्यांच्याविषयी पाठ केलेल्या दोन ओळींपलीकडे काही माहीत नसते. त्यापेक्षा एक छोटे फलक-प्रदर्शन करावे, ज्याचा विषय येथल्या मुलांना आपला वाटेल: भारताच्या स्वातंत्र्यासाठी भारताबाहेर राहून झटलेली माणसे. यासाठी सामग्री भरपूर आहे. मादाम भिकाजी कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत भारताचा ध्वज फडकावला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकूड कापणाऱ्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या, मुख्यतः पंजाबी, मजुरांनी विद्यार्थ्यांच्या साथीने १९१३ साली ओरेगॉनमधील अस्टोरिया येथे गदर चळवळीची संघटना उभी केली आणि सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ हे पत्र काढले.

मराठी मुलांना या चळवळीतील दोन नावे ठळक अक्षरांत दाखवावीत. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे शिक्षणासाठी अमेरिकेत आले, गदर चळवळीत सामील झाले, उठावासाठी भारतात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फाशी गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांनीही अमेरिकेत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले, त्याच चळवळीत काम केले आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून गहू आणि मका यांवर संशोधन केले. येथील विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी तरुणाला या दोघांची गोष्ट लागू पडायला फारसे समजवावे लागत नाही.

याच प्रदर्शनाचा दुसरा भाग अमेरिकेतील भारतीयांच्या हक्कांचा असावा, कारण त्याशिवाय ‘आपण ४ जुलैही पाळतो आणि १५ ऑगस्टही, असे का?’ या मुलांच्या प्रश्नाला पोकळ उत्तर मिळते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले. १९४६ साली ल्यूस-सेलर कायद्याने ते खुले केले, पण भारतातून वर्षाला अवघ्या शंभर जणांनाच स्थायिक होण्यासाठी प्रवेश ठेवला. आणि १९५६ साली दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. तीन फलक, तीन तारखा, प्रत्येकापाशी एक मोठे मूल उभे राहून मराठीत आणि इंग्रजीत सांगणारे. नाचाचे कार्यक्रम याच्या नंतर खुशाल होऊ द्यावेत. ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा परवाना जागेच्या मालकाकडे आहे की मंडळाला घ्यावा लागेल, एवढे विचारून ठेवावे.

ऊन आणि अन्न

ध्वजवंदन सकाळी नऊच्या सुमारास ठेवावे; दहानंतर गवतावर उभे राहवत नाही. पहिल्या दोन रांगांत ज्येष्ठांसाठी खुर्च्या आणि सावली असावी, पिण्याचे पाणी प्रवेशापाशीच असावे, आणि प्रवासी विम्यावर आलेल्या वृद्धांच्या औषधांची व संपर्काची माहिती त्यांच्या मुलांकडून आधी घेऊन ठेवावी.

लोकांना विकत द्यायचे अन्न असेल, तर काउंटीच्या आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना बहुतेक ठिकाणी लागतो आणि घरी शिजवलेले अन्न विकण्यास पुष्कळदा मनाई असते. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि थंड पदार्थ ४१ अंशांच्या खाली ठेवणे हा साधारण दंडक आहे. तपासनीस आला की तो आधी तापमापकच मागतो. जागेवर वडे तळायचे असतील, तर अग्निशमन विभागाला विचारावे, कढई मांडवापासून दूर ठेवावी आणि तेलाच्या आगीसाठी असलेले ‘के’ प्रकारचे अग्निशामक जवळ ठेवावे. जिलेबीशिवाय पंधरा ऑगस्ट अनेकांना पुरा वाटत नाही. ती परवानाधारक दुकानातून आणवावी, माणशी दोन धरावी, आणि ध्वजवंदन संपेपर्यंत खोकी गाडीतच राहू द्यावीत.

कार्यक्रमानंतर

हिशोब आठवड्याच्या आत सभासदांना कळवावा. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक देणगी देणाऱ्याला कर सवलतीसाठी मंडळाकडून लेखी पोच लागते. ती डिसेंबरपर्यंत लांबवली की खजिनदाराच्या मागे तगादा लागतो, म्हणून पोच पत्रे आभारपत्रांबरोबरच धाडावीत. ध्वज धुळीने मळला असेल, तर स्वच्छ करून, पूर्ण सुकवून घडी करून ठेवावा. फाटला किंवा विटला असेल, तर तो पुन्हा वापरू नये आणि संहितेत सांगितल्याप्रमाणे खासगीत, शक्यतो जाळून, त्याचे विसर्जन करावे. दोन्ही खांब, कप्प्या, दोऱ्या आणि वजने एका पेटीत घालून ती कोणाच्या गॅरेजमध्ये आहे हे कार्यकारिणीच्या कागदावर लिहावे, कारण कार्यकारिणी दर एक-दोन वर्षांनी बदलते आणि नव्या मंडळींना ती पेटी सापडत नाही. पुढच्या वर्षीच्या उद्यानाचे आरक्षण ज्या दिवशी खुले होते, ती तारीखही त्याच कागदावर असावी.